काच खाली आली, पण वर जाईना!

समजा, पावसाळ्यातली एक संध्याकाळ आहे. बंगळुरूच्या दक्षिणेला होसूर रस्त्यालगत असलेल्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे एक मराठी गृहस्थ गाडी घेऊन कारखान्याच्या फाटकाशी येतात. रखवालदाराला पास दाखवण्यासाठी ते दाराची काच खाली करतात. 'कर्र... खट्!' असा आवाज होतो. पास दाखवून झाल्यावर ते पुन्हा बटण ओढतात. दाराच्या आतून मोटार फिरल्याची घरघर ऐकू येते, पण काच काही वर येत नाही. तेवढ्यात पावसाला सुरुवात होते. घरी पोचेपर्यंत शर्टाची उजवी बाही आणि आसनाची अर्धी गादी चिंब भिजलेली असते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक दाराला कान लावून म्हणतो, "सार, विंडो मशीन गया."

गृहस्थ हळहळतात, "काल सकाळपर्यंत तर चांगली चालत होती!" पण शेजारी उभ्या असलेल्या पत्नी आठवण करून देतात, "चांगली कुठली? दिवाळीपासून कुरकुरत होती. मी दोनदा सांगितलं तुम्हाला."

पत्नीचे म्हणणे खरे आहे. मोटारीची काच सहसा एका दिवसात बिघडत नाही. आधी काही आठवडे, कधी काही महिने ती सूचना देत असते. आपण त्या ऐकत नाही, इतकेच. आणि पुढे आपण पाहणार आहोत की, ही काच नेमक्या वेळी खाली आली नाही तर प्रश्न भिजलेल्या शर्टापुरता राहत नाही.

चामड्याच्या पट्ट्यापासून बटणापर्यंत

मोटारी नव्या होत्या तेव्हा खिडकीची काच चामड्याच्या पट्ट्याने वर ओढत असत. पट्ट्याला भोके असत आणि हवे ते भोक खुंटीत अडकवले की काच तेवढ्या उंचीवर राही. १९२० च्या दशकात जर्मनीतल्या कोबुर्ग येथील ब्रोझे कंपनीने हँडल फिरवून काच वर-खाली करणारे यंत्र बनवायला सुरुवात केली. आज या कंपनीचा कारखाना पुण्यातही आहे. विजेच्या साहाय्याने चालणाऱ्या काचा १९४० मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड गाड्यांत आल्या. तेव्हा काच उचलण्याचे काम तेलाच्या दाबावर होत असे.

आपल्याकडे मात्र दीर्घकाळ हँडलचेच राज्य होते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी असो, की १९८३ च्या डिसेंबरात आलेली मारुती ८००, काच वर करायची तर मनगट फिरवावे लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत एखाद्या दाराचे हँडलच गायब असे. मग चालक दुसऱ्या दाराचे हँडल काढून प्रवाशाच्या हाती देई आणि काम झाले की परत मागून घेई. ते हँडल जाऊन आता बटण आले आहे. दाराच्या आतले मूळ काम मात्र फारसे बदललेले नाही.

दाराच्या पोटात काय असते?

पुढच्या दाराची काच साधारण तीन-चार किलो वजनाची असते. ती सरळ रेषेत उचलायची, हवी तिथे थांबवायची आणि खड्ड्यात गाडी आदळली तरी खाली घसरू द्यायची नाही, अशी तिन्ही कामे एकाच यंत्राला करावी लागतात. या यंत्राचे पुस्तकी नाव विंडो रेग्युलेटर. गॅरेजमध्ये मात्र 'काचेची मशीन' म्हटले की पुरते.

या मशीनचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला कात्रीचा. यात कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर आडव्या असलेल्या दोन लोखंडी भुजा असतात. एका भुजेच्या टोकाला हातपंख्याच्या आकाराची दातेरी पट्टी असते. हँडल फिरले की छोटे दातेरी चाक ही पट्टी फिरवते, कात्री उघडते आणि भुजांच्या टोकावरचे रूळ काचेखालच्या पन्हाळीत सरकत काचेला वर उचलतात. जुन्या घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली एक जाड स्प्रिंग काचेचा बराचसा भार पेलते. म्हणूनच पूर्वी लहान मुलालाही हँडल फिरवता येत असे.

दुसरा प्रकार तारेचा. आजच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्यांत हाच आढळतो. विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. रहाटावर दोर गुंडाळला की बादली वर येते. इथे रहाटाच्या जागी प्लास्टिकचे एक छोटे पिंप असते आणि दोराच्या जागी सायकलच्या ब्रेकला असते तशी पोलादी तार. ही तार वरच्या आणि खालच्या कप्पीवरून फिरून पुन्हा पिंपावर येते. त्यामुळे पिंप एका दिशेला फिरले की काच वर जाते आणि उलट फिरले की खाली ओढली जाते. काच ज्या तुकड्यावर बसवलेली असते तो एका उभ्या पट्टीवरून सरकतो. हा सरकता तुकडा बहुधा प्लास्टिकचा असतो. मोठ्या दारांत अशा दोन पट्ट्या असतात. हा प्रकार वजनाला हलका आणि बनवायला स्वस्त. मात्र त्याचा सगळा भार बारीक तारेवर आणि प्लास्टिकच्या दोन-तीन तुकड्यांवर असतो.

आता काच आपोआप खाली का घसरत नाही? हँडलच्या गाडीत एका गोल कवचात घट्ट बसलेली स्प्रिंग असते. हँडलकडून जोर आला की ती कवचापासून सुटते आणि काचेकडून जोर आला की कवचात अधिकच घट्ट बसते. बटणाच्या गाडीत हे काम मोटारीची दातेरी जोडणी करते. मोटारीच्या आसावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एक दातेरी चाक फिरवतात. आटे चाकाला फिरवू शकतात, पण चाक आट्यांना उलटे फिरवू शकत नाही. म्हणून बाहेरून काच दाबून खाली करू पाहणाऱ्या चोराचीही डाळ सहसा शिजत नाही.

बटणाचे कामही सोपे आहे. मोटार १२ व्होल्टवर चालते. एका बाजूने वीज दिली की ती सुलट फिरते, तारा उलट जोडल्या की उलट. बटण प्रत्यक्षात एवढीच अदलाबदल करते.

बिघाडाची मुळे

सर्वांत मोठा शत्रू धूळ. बोम्मसंद्र्याच्या रस्त्यांवर दिवसभर मालवाहू ट्रक धावतात. शेजारच्या जिगणी वसाहतीत ग्रॅनाइट कापण्याचे आणि घासण्याचे कारखाने आहेत. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा ही मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ ला सुरू झाली, पण तिच्या बांधकामाची माती होसूर रस्त्याने कित्येक वर्षे खाल्ली. पुण्याजवळचे चाकण असो, नाशिकचे अंबड असो की बोम्मसंद्रा, औद्योगिक वसाहतीत गाडी चालवणाऱ्यांची कथा एकच.

काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिच्यात ही धूळ बसते. पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि उन्हात तो सुकतो. मग रबर काचेला धरून ठेवते. मोटारीला जास्त जोर लावावा लागतो, तारेवर ताण येतो आणि शेवटी सर्वांत दुबळा दुवा तुटतो. बहुतेक वेळा तो प्लास्टिकचा सरकता तुकडा असतो, नाहीतर कप्पी. म्हणजे आपण मशीनला दोष देतो, पण खरी सुरुवात रबरापासून झालेली असते. नवी मशीन बसवून रबर तसेच ठेवले, तर पुन्हा तीच वेळ येते.

दुसरा शत्रू पाणी. पावसाचे थोडे पाणी काचेलगत दारात शिरणारच, हे गृहीत धरूनच दार बनवलेले असते. त्याच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की दारात तळे साचते आणि मशीन गंजते. दाराच्या आतल्या पॅडमागे प्लास्टिकचा एक कागद चिकटवलेला असतो. एखादा घाईखोर कारागीर तो फाडून फेकून देतो. मग पाणी पॅडपर्यंत पोचते, पॅड फुगते आणि बटणातही ओल शिरते.

तिसरे कारण वापर. चालकाच्या बाजूची काच सर्वांत जास्त वेळा खाली-वर होते. फास्टॅगची सक्ती २०२१ च्या फेब्रुवारीत झाली. त्याआधी होसूर रस्त्यावरच्या टोलनाक्यांवर रोज काच उघडणाऱ्यांची संख्या मोठी होती. आज टोलसाठी काच उघडावी लागत नसली तरी कारखान्याचे फाटक, सोसायटीचे फाटक आणि वाहनतळाची पावती आहेच.

आवाजावरून निदान

डॉक्टर नाडी पाहतो, तसे जुने मेकॅनिक बटण दाबून कान देतात. घरच्या घरीही बरेच काही कळू शकते.

मोटार फिरल्याचा आवाज येतो, पण काच हलत नाही : तार, सरकता तुकडा किंवा मोटारीचे दाते गेले आहेत. 'कर्र-कट्ट' असा आवाज येत असेल तर तुटलेली तार पिंपावर गुंता करते आहे. बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. गुंता वाढतो आणि वाचण्याजोगी मोटारही जाते.

काहीच आवाज नाही : आधी चालकाच्या दारावरचे काचा बंद ठेवण्याचे बटण पाहा. मुलांनी खेळता खेळता ते दाबलेले असते आणि आपण गॅरेज गाठतो! ते ठीक असेल तर फ्यूज तपासा. मग रात्री गाडीतला दिवा लावून काचेचे बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर मोटारीपर्यंत वीज पोचते आहे, पण ती अडकली आहे. दिव्यावर परिणामच झाला नाही तर दोष बहुधा बटणात, वायरीत किंवा मोटारीच्या झिजलेल्या कार्बनमध्ये आहे. दार आणि गाडी यांच्यामधल्या रबरी नळीत वायर तुटणे हेही नेहमीचे दुखणे आहे. दार हजारो वेळा उघडते-मिटते आणि वायर तिथेच वाकते.

एका बटणाने चालते, दुसऱ्याने नाही : मागच्या दाराची काच चालकाच्या बटणाने चालते, पण त्या दाराच्या बटणाने चालत नाही, तर दोष त्या छोट्या बटणात आहे. पूर्ण मशीन बदलण्याचे कारण नाही.

काच तिरकी चढते : एका बाजूची पकड सुटली आहे. अशी काच जोराने चढवली तर फुटू शकते.

काच हळूहळू चढते : रबर कोरडे झाले आहे किंवा मोटार थकली आहे. हीच ती पहिली सूचना. या टप्प्यावर थांबलात तर खर्च नाममात्र.

दुरुस्ती कशी होते?

काच दारात पडली असेल आणि रात्र काढायची असेल, तर एकाने बटण ओढून धरावे आणि दुसऱ्याने काचेच्या दोन्ही बाजूंना तळवे दाबून ती सरळ वर सरकवावी. वर आली की रुंद चिकटपट्टी काचेवरून दाराच्या चौकटीवर आणि पलीकडे अशी ताणून लावावी. तेवढ्याने एक पाऊस निभावतो.

गॅरेजमध्ये आधी दाराचे पॅड काढतात. जुन्या गाडीत हँडलच्या मागे नालेच्या आकाराची क्लिप असते. हँडलमागे फडक्याची पट्टी घालून ती मागे-पुढे ओढली की क्लिप बाहेर उडते. यासाठी वेगळे हत्यार लागत नाही. मग प्लास्टिकचा कागद हलकेच सोडवतात, काच वर करून पट्टीने बांधतात, तिचे स्क्रू सोडवतात आणि मशीन दाराच्या मोकळ्या जागेतून बाहेर काढतात.

कात्रीच्या मशीनमध्ये एक धोका आहे. मोटार सोडवताच ताणलेली स्प्रिंग भुजेला झटक्यात फिरवते आणि मध्ये आलेले बोट सुटत नाही. अनुभवी कारागीर आधी भुजा पक्कडीने किंवा बोल्टने अडवून ठेवतो. घरी पाना घेऊन बसणाऱ्या हौशी मंडळींनी या मशीनच्या वाटेला जाऊ नये.

पूर्ण मशीन बदलायची की एक तुकडा? इथे ग्राहकाने तोंड उघडायला हवे. मोटार चांगली असेल तर फक्त तार आणि पट्टीचा भाग बदलता येतो. काही गाड्यांसाठी सरकता तुकडाही सुटा मिळतो. बंगळुरूत जे. सी. रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांगच आहे. जुना भाग हातात घेऊन गेले की चूक होत नाही. गाडीचे नाव एकच असले तरी वर्षानुसार भाग बदलतात, आणि डाव्या दाराची मशीन उजव्याला बसत नाही.

मेकॅनिकला तीन गोष्टी आवर्जून सांगा. जुना भाग परत द्या. रबरी खाच साफ करा किंवा बदला. प्लास्टिकचा कागद पुन्हा नीट चिकटवा. दुरुस्तीनंतर आपोआप वर जाणारी काच अर्ध्यावरून परत येऊ लागली तर घाबरू नका. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण वर गेल्यावर बटण काही क्षण ओढून धरले की यंत्रणेला तिची वरची हद्द पुन्हा कळते. नेमकी कृती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

मुलांची बोटे आणि मान

काच वर ओढणारी मोटार आंधळी असते. मध्ये रबर आले की बालकाची मान आली, हे तिला कळत नाही. म्हणून आपोआप वर जाणाऱ्या काचांसाठी अमेरिका आणि युरोपच्या नियमांनी मर्यादा घातली आहे. अडथळ्यावर १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाइतका जोर पडण्याआधी काच उलट फिरली पाहिजे. मात्र ही सोय अनेक गाड्यांत फक्त चालकाच्या काचेला असते. मागची, जिथे मुले बसतात ती काच बऱ्याचदा या सोयीविना असते.

पूर्वीची काही बटणे अशी होती, की खिडकीबाहेर डोकावणाऱ्या मुलाचा गुडघा पडला तरी काच वर जाई. २००५ मध्ये अमेरिकेने कायदा करून, काच बंद करण्यासाठी बटण बोटाने वर ओढावेच लागेल अशी रचना सक्तीची केली. आपली गाडी जुनी असेल तर बटण कोणत्या प्रकारचे आहे ते आजच पाहा. मुले मागे असताना मागच्या काचा बंद ठेवण्याचे बटण दाबलेले असू द्या. काच वर करण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. आणि दोन मिनिटांसाठी का होईना, किल्ली गाडीत आणि मूल गाडीत, असे कधीही करू नका.

हीच काच जीव वाचवते

२६ जुलै २००५ ला मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. रस्त्यांवर अडकलेल्या मोटारींत पाणी चढले आणि बंद गाडीतून बाहेर पडता न आल्याने काही जणांचे प्राण गेले. २१ मे २०२३ ला बंगळुरूच्या के. आर. सर्कलजवळच्या भुयारी रस्त्यात पाण्यात शिरलेली एक मोटार बुडाली. आतल्या इतरांना वाचवण्यात आले, पण एका तरुणीचा मृत्यू झाला.

अशा वेळी दार का उघडत नाही, याचा हिशेब साधा आहे. दाराची रुंदी एक मीटर धरा. बाहेरचे पाणी दाराच्या तळापासून ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट चढले आणि आत अजून पाणी नाही, तर दारावर बाहेरून सुमारे १८० किलो वजनाइतका दाब पडतो. बिजागरीपासून सर्वांत लांबच्या कडेला रेटले तरी ९० किलोंचा जोर हवा. बसल्या जागी तो कोण लावणार? काच मात्र पाण्याला सामोरी न जाता खाचेतून खाली सरकते. पाणी तिच्या कडेपर्यंत पोचण्यापूर्वी तिला उघडायला एक बोट पुरते.

कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी माणसे आत बसलेल्या मोटारी पाण्यात सोडून प्रयोग केले आहेत. त्यांच्या मते हाताशी साधारण एकच मिनिट असते. पट्टा सोडा, काच उघडा, आधी मुलांना आणि मग स्वतःला बाहेर काढा, हा त्यांचा क्रम. फोन करण्यात ते मिनिट घालवू नका. पाण्यात विजेच्या काचा लगेच बंद पडतातच असे नाही, पण वाट पाहण्यात अर्थ नाही. भुयारी रस्त्यात किती पाणी आहे हे दिसत नसेल, तर मुळात गाडी घालूच नये.

काच उघडलीच नाही तर ती फोडावी लागते. बाजूच्या बहुतेक काचा कडक केलेल्या असतात. त्यांच्या कोपऱ्यावर टोकदार हातोडीचा घाव बसला की त्यांचा चुरा होतो. समोरची काच दोन थरांची असते आणि ती अशी फुटत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही दोन थरांच्या येऊ लागल्या आहेत. अमेरिकेतल्या एएए या मोटारचालकांच्या संघटनेने २०१९ मध्ये काच फोडण्याची साधने तपासली, तेव्हा त्यांतले एकही दोन थरांची काच फोडू शकले नाही. आपल्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तिचा प्रकार लिहिलेला असतो. तो एकदा वाचून ठेवा. आणि हातोडी घेतलीच तर ती डिकीत नको, बसल्या जागी हाताला लागेल अशी ठेवा.

महिन्यातून दहा मिनिटे

एवढे सगळे टाळण्यासाठी लागतो तो थोडासा वेळ. महिन्यातून एकदा चारही काचा पूर्ण खाली-वर करून आवाज ऐका. ओल्या फडक्याने रबरी खाच पुसा. कोरडी झाल्यावर तिच्यात सिलिकॉनचा फवारा मारा. तेल, ग्रीस किंवा रॉकेल लावू नका, त्याने रबर फुगते आणि धूळ अधिकच चिकटते. दाराखालची छिद्रे बारीक काडीने मोकळी करा. मृग नक्षत्राच्या आधी हे केले तर उत्तमच. तहान लागल्यावर विहीर खोदण्यात काय हशील?

बोम्मसंद्र्याच्या आपल्या गृहस्थांनी मशीन बदलली आणि पत्नीच्या आग्रहाने रबरही बदलले. पैसे चुकते करून ते निघाले, तेव्हा मागच्या आसनावर बसलेल्या मुलीने आपल्या बाजूचे बटण दाबून पाहिले आणि ती म्हणाली, "बाबा, ही पण कुरकुरतेय."

त्यांनी गाडी तिथेच मागे वळवली.